रेवडीचा दोर

दोर परत आला नाही, हे सगळ्यांत आधी धर्मराजच्या लक्षात आलं. पागेवरचा सर्वांत जुना मोतद्दार तो. घोड्यांची निगा राखण्यात जन्म गेलेला. माणसांच्या तोंडाकडे तो फारसं बघत नसे, हाताकडे बघायचा.

माघ महिना होता, फसली तेराशे पंचेचाळीस. इंग्रजी छत्तीस साल. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे दोन कोसांवर, जिथं नुसता माळ आणि कमरेएवढं गवत, तिथं आमची पागा. थंडीच्या दिवसांत पाहुणे यायचे. कुणी घोड्यावर बसायला, कुणी काळविटांच्या मागे हिंडायला, कुणी नुसतंच शहराला कंटाळून. खामगावचे गजाननराव पाच दिवस राहिले होते आणि त्या दिवशी निघणार होते. दुपारचं जेवण, मग उन्हं कलली की आमच्या घोड्यांवरून भोकरदन, आणि तिथं त्यांची मोटार उभी.

सकाळपासून वारा सुटलेला होता, आणि तोही एका दिशेचा नाही. असा वारा असला की घोडी ठरत नाहीत. कान फिरवतात, खूर आपटतात, उगीच एकमेकींना चावायला जातात. माणसांचंही त्या दिवशी तसंच झालं, असं आता वाटतं.

निघायच्या दिवशी पाहुण्यांपुढून सगळी जनावरं फिरवायची, ही रखमाजी आजोबांपासूनची रीत. मेहमानखान्याच्या ओट्यावर पाहुणे लोडाला टेकून बसायचे आणि अंगणातून धर्मराज एकेक घोडं चालवत न्यायचा. पाहुण्यानं एखाद्या जनावराला वाखाणलं की आबा, म्हणजे माझे वडील काकासाहेब, ओट्यावरून उतरायचे, धर्मराजच्या हातातला दोर घ्यायचे आणि पाहुण्याच्या हातात द्यायचे. पाहुण्यानं तो कपाळाला लावायचा आणि परत करायचा. दिल्याचा मान यांना, न घेतल्याचा मान त्यांना. हैदराबादेकडचे जहागीरदार आले, औरंगाबादचे अंमलदार आले, जालन्याचे वकील आले. कुणालाही हे सांगावं लागलं नव्हतं. तीस वर्षांत दिलेला प्रत्येक दोर परत आला होता.

गजाननराव वऱ्हाडातले. कापसाच्या जिनाचे मालक, मोकळ्या स्वभावाचे, निजामाच्या मुलखात पहिल्यांदाच आलेले. त्यांनी रेवडीला वाखाणलं. आबांनी दोर दिला. गजाननरावांनी तो हातात धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काकासाहेब," ते म्हणाले, "एवढं कोणी कोणाले देते का जी? माह्या पोरीनं घोडीसाठी सालभर जीव खाल्ला माहा. आता तिले काय वाटंन!" आणि दोर त्यांनी आपल्याबरोबरच्या माणसाच्या हाती दिला.

आबा हसले. पाहुण्यांना ते हसूच दिसलं. धर्मराज मला पुढे कित्येक वर्षं सांगायचा, "इमलबाई, सरकारचे कान पांढरे पडल्ते."

रेवडी आबांची नव्हतीच. ती गोजरआत्याची होती.

आत्या, आबांची बहीण, एकोणिसाव्या वर्षी नवरा गमावून पागेवर परत आली. त्याच पावसाळ्यात एका घोडीला पान लागलं, म्हणजे साप चावला. घोडी गेली आणि मागे चार दिवसांचं शिंगरू राहिलं. आजोबा आत्याला म्हणाले होते, "हे जगंल असं वाटत न्हाई. जगवलंस तर तुझं." आत्यानं शेळीच्या दुधात कापड बुडवून, ते त्याच्या तोंडात पिळून पिळून त्याला जगवलं. अंगाचा रंग तिळाच्या रेवडीसारखा निघाला म्हणून रेवडी. आजोबा वर्षभरानं गेले. 'तुझं' म्हणाले ते ऐकायला आबा होते, भुजंगकाका होता, आई होती, धर्मराज होता. कागद कुणी केला नाही. आत्याचं म्हणून त्या घरात दुसरं काही नव्हतं. लुगडीसुद्धा आई काढून देईल ती. आणि आता रेवडी आठ महिन्यांची गाभण होती.

धर्मराज मागच्या दाराशी आला तेव्हा आई चुलीपुढे होती. येसराची आमटी उकळत होती. आत्या सूप मांडीवर घेऊन घोड्यांचा हरभरा पाखडत होती.

"वयनीसाहेब, पाव्हण्यानं दोर ठिवून घेतला."

"कशाचा?" आईनं विचारलं.

धर्मराजनं आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आत्याचं पाखडणं थांबलं नाही. दोनदा सूप वर गेलं, खाली आलं. मग ती म्हणाली, "दादानं मागितला न्हाई परत?"

"कसा मागतेत, बाई?"

तेवढ्यात आबाच आत आले. उंबऱ्यातच उभे राहिले, हात चौकटीला धरून. त्यांच्यामागून भुजंगकाका आला, पायांवर माळाची धूळ, हातात चाबूक. काका आबांपेक्षा वीस वर्षांनी लहान. पागेचा मान आबांचा होता, पण घोडी काकाची, म्हणजे त्यांचं वेत, चारा, कुणाला कुणाशी लावायचं, सगळं तोच बघायचा.

"दादा, मी आत्ता ऐकलं ते खरं हाय?" काका म्हणाला.

"खरं हाय."

"गाभण हाय ती! तीन दिवसाची चाल, त्यात बुलढाण्याचा घाट. शिंगरू टाकंल, आन् सोता पण जाईल. सांगा त्यांना."

"सांगितलं," आबा म्हणाले. "आणखी खूश झाला. म्हणला, पोरीला दोन मिळाली."

काका हसला. हसू नये हे कळूनही हसला, आणि आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तिथंच गिळलं गेलं.

"दादा," आत्यानं विचारलं, "दोर कोणी दिला?"

"मी."

"कोणाच्या घोडीचा?"

वाऱ्यानं मागचं दार आपटलं. कुणी ते धरायला उठलं नाही.

"गोजर, मी तुला दुसरी घेऊन देतो," शेवटी आबा म्हणाले. "माळेगावच्या जत्रंतून. तू बोट दाखवशील ती."

"मंग ती माळेगावची त्याला दे ना."

"हातात दिलेला दोर मागून घ्यायचा? उद्या वऱ्हाडभर सांगत हिंडंल तो, की काकासाहेबांनी दिलेलं काढून घेतलं. आपल्या बापानं काय कमावलं इथं, ह्या खडकावर? नाव कमावलं. दुसरं काय हाय आपल्यापाशी?"

"तुझ्यापाशी नाव हाय," आत्या म्हणाली. "माझ्यापाशी घोडी हाय."

आई मध्ये पडली. आमटी ढवळता ढवळता, मागे न बघता ती म्हणाली, "गोजरताई, जनावरच हाय शेवटी. माणसाच्या शब्दापुढं जनावर धरून बसायचं का?"

"तुमाला तर बरंच वाटलं असंल, वयनी."

"काय बोलून राह्यलात?"

"बराबर बोलून राह्यले. रेवडी गेली की मला तबेल्यात काम काय? दिवसभर तुमच्या चुलीपाशी. तेवढेच दोन हात वाढले."

आईच्या हातातली पळी थांबली. पण आत्यानं तिच्या उत्तराची वाट पाहिली नाही. सूप भिंतीला टेकवून ती मागच्या तबेल्याकडे गेली. तिथं रेवडी नव्हतीच. पाहुण्यांच्या माणसानं ती मेहमानखान्याच्या अंगणात, लिंबाला बांधली होती. पाहुणे असताना घरच्या बायकांनी त्या अंगणात पाय ठेवायचा नाही. आत्या रिकाम्या ठाणाशी जाऊन बसली.

आई मला हे फार वर्षांनी सांगत होती, तेव्हा तिचे केस पिकले होते आणि आत्या या जगात नव्हती. म्हणाली, "तुझी आत्या बोलली ते खोटं नव्हतं. माझ्या मनात आल्तं. सोळा माणसाच्या भाकरी मी एकटी थापायची आन् ती घोडीच्या अंगावर हात फिरवत बसायची. मला आल्ता राग. घोडी जाऊन राह्यली म्हणल्यावर, खरं सांगते, मला पैले चूलच दिसली."

पण आत्या निघून गेल्यावर, भाकरी थापता थापता, आईला आपली म्हैस आठवली. मोरी नावाची. लग्नात आईच्या वडिलांनी दिलेली, तिच्याबरोबर माहेराहून चालत आलेली. भुजंगकाकाच्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनी ती गोठ्यात पाहिली, बरी दिसते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मोरी त्यांच्याकडे पोचलेली होती. ती सोयरीक पुढे मोडली. म्हैस परत आली नाही. आईला कुणी विचारलं नव्हतं. आणि तिलाही, म्हणाली, तेव्हा नवल वाटलं नव्हतं. नांदायला आलेल्या बाईचं सगळंच घराचं असतं, असं ती समजून चालली होती. आता नऊ वर्षांनी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिला तो राग आला.

भाकरी उलटायची सोडून ती उठली. आबा माजघरात येरझाऱ्या घालत होते.

"आवो," ती म्हणाली, "दोर मागून घ्या."

आबा थांबले. "आत्ता तर तू म्हणली, जनावरच हाय."

"आत्ता म्हणले. आता हे म्हणून राह्यले."

"तुम्हा बायकांचं काही कळत न्हाई."

"कळत असतं तर हा दिवस आला नसता," आई म्हणाली आणि चुलीपाशी परत गेली. नवऱ्याला असं उत्तर तिनं आयुष्यात पहिल्यांदा दिलं होतं, आणि ते दिल्यावर पुढच्या दोन भाकरी तिच्या हातून फाटल्या.

आबा काय विचार करत होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण मी त्यांची मुलगी. त्यांच्या चालण्यावरून मला कळायचं. माजघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बारा पावलं. प्रत्येक फेरीत ते मेहमानखान्याकडच्या दाराशी जायचे, कडीला हात लावायचे आणि वळायचे. बाहेरून गजाननरावांचा आवाज येत होता. आपल्या माणसाला ते सांगत होते, घोडीला चालवत नेताना गूळ दे, सावलीनं ने, घाटात उतरून चाल. चांगला माणूस होता तो. वाईट असता तर आबांना सोपं गेलं असतं.

इकडे भुजंगकाकानं आपल्यापुरता मार्ग काढला होता.

घोड्यांच्या बाजारात जे हिंडतात त्यांना ही युक्ती ठाऊक असते. नाल आणि खूर यांच्या फटीत वाटाण्याएवढा खडा दडपला की जनावर लंगडतं. वरून काही दिसत नाही. चार पावलांत लंगडणं कळतं, आणि घेणारा हात मागे घेतो. आजोबांनी काकाला ही युक्ती शिकवली होती ती कुणी आपल्याला फसवू नये म्हणून. काका अंगणात गेला, पाहुण्यांच्या माणसाला म्हणाला, "लांबची चाल हाय. नाल बघून देतो," आणि रेवडीचा पुढचा उजवा पाय उचलून घेतला.

धर्मराज शेजारीच उभा होता. त्यानं पाहिलं. "छोटे सरकार," तो हळू आवाजात म्हणाला, "नका करू."

"तू तिकडं बघ."

"बाईला कळंल."

"बाईसाठीच करून राह्यलो ना."

आणि काकाला खरंच तसं वाटत होतं. म्हातारपणी या गोष्टीचा विषय निघाला की तो आधी हसायचा आणि मग शपथ घेऊन सांगायचा की आक्काच्या डोळ्यांतलं पाणी त्याला बघवत नव्हतं. मात्र रेवडीच्या पोटात त्यानंच निवडलेल्या घोड्याचं शिंगरू होतं, आणि त्या शिंगरावर त्यानं सगळ्या पागेचे बेत बांधले होते, हे तो कधी सांगायचा नाही.

जेवणं झाली. गजाननरावांनी आमटी तीनदा मागून घेतली. उन्हं कलली. धर्मराजनं सामानाची घोडी तयार केली, पाहुण्यांच्या माणसानं रेवडीला सोडलं, आणि ती लिंबापासून ओट्यापर्यंत आली ती मान झोकत, पाय उचलून उचलून.

"अरे!" गजाननराव म्हणाले. "हे काय झालं?"

भुजंगकाका पुढे आला. वाकला, पाय चाचपला, मान हलवली. "मोच आलेली दिसते. काल माळावर फिरली ना. आता दहा-पंधरा दिवस काही चालत न्हाई ही. तुमचं मन असंल तर दुसरी बघा. तो तांबडा बघा, बिलकुल शांत."

आबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी सुटल्यासारखं काहीतरी आलं, असं धर्मराज सांगायचा. त्यांना खड्याचं ठाऊक नव्हतं. देवानंच मार्ग काढला असं त्यांना वाटलं असावं.

गजाननराव मात्र ओट्यावरून खाली उतरले आणि रेवडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. "नाही जी," ते म्हणाले. "दिलेलं जनावर लंगडं झालं म्हणून सोडून देऊ? असं कसं होईन? मी राहतो. पंधरा दिवस लागो का वीस लागो. जिनाकडं माहा भाऊ पाहते. हिले बरी करून, सोबत घेऊनच जाईन."

मी तेव्हा लहान, मला त्या अंगणात मनाई नव्हती; ते आत येऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. आईनं कपाळाला हात लावला. "वीस दिवस? आरं देवा. तीन-तीनदा आमटी!"

पण आत्या मागच्या तबेल्यात बसून ऐकत होती. भिंतीपलीकडून तिला बोलणं नीट कळलं नव्हतं. तिला पावलं कळली होती. लिंबापासून ओट्यापर्यंतची रेवडीची पावलं. मोच आलेलं जनावर पाय टेकायलाच भितं, तिनं मला पुढे एकदा समजावून सांगितलं होतं. खडा असलेलं जनावर टेकतं आणि मग चटका बसल्यासारखं उचलतं. दोन्हींचा आवाज वेगळा.

ती उठली. लुगड्याला चिकटलेला कडबा तिनं झटकला नाही. माजघरातून आली, आबांच्या पुढून, आईच्या पुढून, आणि मेहमानखान्याकडच्या दाराची कडी काढली.

"गोजर!" आबा म्हणाले. ते नुकतेच आत आले होते. "कुठं चालली? पाव्हणे हायेत."

"दिसून राह्यलेत."

पदर पुढे ओढून ती अंगणात उतरली. पागेला तीस वर्षं झाली होती. पाहुण्यांसमोर त्या अंगणात आमच्या घरची बाई आलेली कुणी पाहिली नव्हती. गजाननराव गोंधळून उभे राहिले, डोक्यावरची टोपी नीट करू लागले. भुजंगकाका एक पाऊल पुढे आला आणि तिथंच थांबला. आत्यानं कुणाकडेच पाहिलं नाही. ती रेवडीपाशी जाऊन खाली बसली आणि म्हणाली, "पाय दे." रेवडीनं उजवा पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"धर्मराज, चिमटा."

धर्मराजनं चिमटा दिला. खडा निघायला वेळ लागला. काकानं चांगला दडपला होता. रेवडीच्या अंगाला कंप सुटला तेव्हा आत्या तिच्याशी काहीतरी बोलत राहिली, आम्हाला ऐकू न येणारं. मग तिनं तो खडा ओट्याच्या कडेवर ठेवला आणि पदरानं घोडीचा खूर पुसला.

गजाननरावांनी खडा उचलला, बोटांत फिरवला. व्यापारी माणूस. त्यांचा चेहरा बदलायला वेळ लागला नाही.

"हा आपोआप गेलेला नाही जी," ते म्हणाले. आणि धर्मराजकडे वळले. "तू दुपारभर हिच्याजवळ होता ना रे? घोडी जाऊ द्यायची नव्हती तं तोंडानं सांगायचं होतं. मुक्या जनावराले कायले छळलं? काकासाहेब, तुमचा माणूस चोर हाय."

धर्मराजनं हात जोडले. तोंड उघडलं नाही. त्यानं भुजंगकाकाकडे नजरसुद्धा वळवली नाही. काका जमिनीकडे बघत होता, मानेच्या शिरा ताठ, आणि गप्प.

आबा दारात आले होते. त्यांनी खडा पाहिला, मग काकाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. गप्प राहिले असते तर सगळं निभावून गेलं असतं. मोतद्दाराचा गुन्हा ठरला असता, घोडी पाहुण्याबरोबर गेली असती आणि वऱ्हाडात पागेचं नाव राहिलं असतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. दाराच्या फटीतून आई. खांबाआडून मी. खाली बसलेली आत्या तेवढी बघत नव्हती. तिचा हात रेवडीच्या पोटावर होता.

आबा पायऱ्या उतरून खाली आले.

"माझ्या माणसाचा कसूर न्हाई," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "हे माझ्या घरात झालं. कसूर माझा हाय."

"तुमचा? तुमी कायले असं करान?"

"ऐका. आमच्या मुलखात पाव्हण्याच्या हातात दोर देतेत. पाव्हणा तो कपाळाला लावतो आन् परत करतो. तशी रीत हाय. तुमाला ठाव नव्हतं, आन् मी सांगितलं न्हाई. मला वाटलं, सांगण्यात कमीपणा हाय."

गजाननरावांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे... तुमी मले घोडी देलीच नव्हती?"

"दिली असती," आबा म्हणाले. "नावासाठी दिली असती. पण ती माझी न्हाई." त्यांनी बोट केलं, खाली बसलेल्या आत्याकडे. "हिची हाय. माझ्या बहिणीची. आमच्या बापानं हिला दिली. मी हिला न इचारता दोर तुमाला दिला. आजच न्हाई. आजपर्यंत धा जणांना दिला असंल. परत येऊन राह्यला म्हणून मला कळलं न्हाई."

वारा गवतातून जात होता. तांबडा घोडा दोनदा खिंकाळला.

गजाननरावांनी आपल्या माणसाच्या हातातून दोर घेतला. तो आबांना दिला नाही. ते आत्यापासून चार हातांवर येऊन उभे राहिले, नजर तिच्या पायांशी ठेवून.

"बाई," ते म्हणाले, "झालं ते चुकून झालं. पण आता तुमालेच इचारतो. माही पोरगी लय जीव लावीन हिले. देता का?"

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आता आत्या हो म्हणेल. मोठ्या भावानं परक्या माणसापुढं मान खाली घातली होती. आता तिनं 'घ्या' म्हणायचं, पाहुण्यानं 'नको' म्हणायचं, आणि सगळ्यांचंच राहायचं. आबांनाही तेच वाटलं असणार. त्यांनी आत्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं मागणंच होतं.

आत्या उठली. "न्हाई," ती म्हणाली.

गजाननरावांनी दोर पुढे केला आणि तिनं तो घेतला.

"मंग पोरीले काय सांगू?" ते कसनुसं हसून म्हणाले.

"सांगा, जिची होती ती बाई न्हाई म्हणली. पोरगी हाय ना. तिनं ऐकलेलं बरं."

ते त्याच दिवशी गेले. धर्मराजला जाताना त्यांनी जवळ बोलावून हात जोडले, हे मी पाहिलं. आमच्या पागेवर ते पुन्हा कधी आले नाहीत. वऱ्हाडात त्यांनी काय सांगितलं, काय नाही, ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. पण दोन हिवाळे वऱ्हाडातून पाहुणा आला नाही, हेही खरं.

भुजंगकाकाला आबांनी त्या रात्री काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर धर्मराजच्या पाया पडायला लावलं. काका पडला, आणि त्यानंतर आत्याशी तो महिनाभर बोलला नाही, जसा काही खडा तिनंच घातला होता. आबाही तिच्याशी बोलत नव्हते. घरात तिच्याशी बोलणारी एक आई. दोघी दिवसभर चुलीपाशी आणि तबेल्यात मिळून काम करायच्या, मध्येच हसायच्या, आणि आमच्यापैकी कुणी गेलं की गप्प व्हायच्या.

वैशाखात रेवडीला शिंगरू झालं. आबा बघायला आले नाहीत. पाऊस आला, गेला, गवत कमरेला लागलं, आणि कार्तिकात औरंगाबादहून पाहुणे आले.

निघायच्या दिवशी सकाळी धर्मराजनं घोडी बाहेर काढायला सुरुवात केली. मी मागच्या तबेल्यात आत्याजवळ होते. दाराशी कुणीतरी खोकलं. आबा होते. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाय ठेवला नाही. नऊ महिन्यांनी ते तिच्याशी बोलत होते, आणि बोलताना बाहेर अंगणाकडे बघत होते.

"गोजर, रेवडीला काढू का? पाव्हण्यापुढं?"

आत्या शिंगराच्या अंगावरून फडका फिरवत होती. तिनं आधी त्याचे चारही पाय पुसले.

"काढ," ती म्हणाली.

त्यानंतर जितके हिवाळे पागा चालली, तितके हिवाळे आबा असे येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि विचारत गेले. बहुतेक वेळा ती 'काढ' म्हणायची. कधी शिंगरू प्यायचं राहिलेलं असायचं, कधी वारा असायचा, आणि कधी तर काही कारण नसताना, घोडी खात-पीत मजेत उभी असताना, आत्या त्यांच्याकडे बघायची आणि 'न्हाई' म्हणायची. मग आबा मान हलवून तसेच ओट्याकडे परत जायचे.